मोटरसायकलचा अपघात झाला, आता पुढे काय? खान्देशातल्या जखमींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रश्नोत्तरं

मी पारोळा तालुक्यातली. विधी सेवा प्राधिकरणाची पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम करते, म्हणजे वकील नाही, पण लोकांना वकिलापर्यंत आणि कोर्टाच्या दारापर्यंत नेते. या कामात पडले ती माझ्या धाकट्या भावाच्या अपघातामुळे. २०१९ च्या डिसेंबरात, दिवेलागणीला, कापसानं भरलेल्या उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. पुढे आम्ही काय काय चुकलो ते खाली ओघानं येईलच. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून लोक मला जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत.

अपघात डोळ्यांसमोर झाला. पहिल्यांदा काय करायचं?

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा लागतो, आणि पोलिसांसाठी ११२. जागा सांगताना नुसतं "हायवेवर" म्हणू नका. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा रस्ता केवढा लांब आहे. किलोमीटरचा दगड, जवळचा ढाबा, पेट्रोलपंप, कुठल्या गावाचा फाटा, आणि गाडी कुठल्या बाजूला तोंड करून आहे, एवढं सांगा.

आता जे करू नये ते सांगते, कारण आपल्याकडे ते हमखास होतं. जखमीला दुसऱ्या मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून दवाखान्यात न्यायचं. माणूस लवकर पोचावा ही तळमळ मला कळते. पण मानेचा किंवा पाठीचा मणका दुखावला असेल तर त्या खड्ड्याखड्ड्यांच्या प्रवासात मज्जारज्जूला इजा होते आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. रुग्णवाहिका येतच नसेल तर पिकअप थांबवा, मागे फळी किंवा खाट टाका, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी मिळून उचला. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडकत असेल, उलटी होत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी: एकानं मान खालून घट्ट धरायची, दुसऱ्यानं पट्टा सोडून हळूहळू हेल्मेट सरकवायचं. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ रुमालाची घडी दाबून धरा. पाणी पाजू नका, पुढे ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं, आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत पाणी जातं.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ना?

नाही लागणार. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात पैसे भरायला अडवता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही तेही तुमच्या मर्जीवर. उलट पहिल्या तासात गंभीर जखमीला दवाखान्यात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला केंद्राच्या राह-वीर योजनेत २५ हजार रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळतं.

एक विनंती मात्र आहे. साक्षीदार व्हाल तर फार मोठं काम होईल. जखमी माणूस बेशुद्ध असतो, त्याला काही आठवत नाही. समोरच्याची चूक कोणी पाहिलीच नसेल तर सगळा दोष पडलेल्यावर येतो.

दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणतात. कुठली योजना आहे?

मे २०२५ पासून देशभर रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना आहे. कुठल्याही रस्त्यावर, मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात, योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत एका माणसामागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळतो. गरीब-श्रीमंत बघितलं जात नाही, रेशनकार्डाचा रंग बघितला जात नाही. चूक कोणाची हेही बघितलं जात नाही. पोलिसांनी अपघात झाल्याची खातरजमा ऑनलाइन करायची असते, म्हणून पोलिसांना कळवणं इथेही लागतंच. रुग्णालय योजनेत नसेल तरी त्यांनी रुग्णाची प्रकृती स्थिर करून पुढे पाठवायचं आहे.

याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्यालाच गाठा. काउंटरवर "आमच्याकडे ती योजना चालत नाही" असं ऐकून परत फिरू नका. धुळ्याला हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

एमएलसी म्हणजे काय? डॉक्टरांनी ते मुद्दाम विचारलं.

मेडिको-लीगल केस. अपघाताचा रुग्ण म्हणून दवाखान्यानं केलेली नोंद, जी पोलिसांकडे जाते. ही नोंद करून घ्याच. माझ्या भावाच्या केसपेपरवर, घाईत असलेल्या कोणीतरी, "गाडीवरून पडून दुखापत" एवढंच लिहिलं. त्या तीन शब्दांनी आम्हाला पुढची चार वर्षं छळलं. विमा कंपनीच्या वकिलानं कोर्टात तोच कागद वर धरला आणि म्हणाला, यात ट्रॉलीचं नावच नाही. डॉक्टर किंवा नर्स "कसं झालं?" विचारतात तेव्हा शांतपणे पूर्ण सांगा: कुठल्या वाहनानं, कुठे, किती वाजता. आणि काय लिहिलंय ते वाचून घ्या.

ट्रॅक्टरवाला ओळखीचाच आहे. दवाखान्याचा खर्च देतो म्हणतोय, वर रोख चाळीस हजार. मिटवून टाकू का?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या बाबतीतही हेच झालं. तिसऱ्या दिवशी ट्रॉलीमालक वॉर्डात आला, खाटेच्या पायथ्याशी बसला. माणूस वाईट नव्हता. सोबत आमच्याच भाऊबंदकीतले दोन जाणते. "एकच पट्ट्यातली माणसं आपण, पोलिसात जाऊन काय भेटणार?" शंभराच्या स्टॅम्पवर मजकूर आधीच टाइप केलेला होता. चाळीस हजारांत तक्रार नाही, हक्क नाही, मागणी नाही. वडिलांनी सही केली, कारण त्या घटकेला मेडिकलवाल्याचे एकोणीस हजार द्यायचे होते.

मांडीत रॉड टाकला. सात महिन्यांनी तो काढून दुसरा टाकावा लागला. पाय दीड इंच आखूड झाला. भाऊ पिकअप चालवायचा. क्लच दाबणारा तोच पाय. ते चाळीस हजार पंधरा दिवसही पुरले नव्हते.

आता यातली मेख समजून घ्या. ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या खिशातून काही द्यायचंच नसतं. गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो तो याचसाठी. जखमेची किंवा मृत्यूची भरपाई विमा कंपनी देते आणि त्या भरपाईला कायद्यानं वरची मर्यादा नाही. ओळखीच्या माणसावर केस केली म्हणजे त्याचं घर विकायला काढलं असं नाही. हे त्याला समजावून सांगा. विमा चालू असेल तर तो स्वतःच पोलिसात यायला तयार होतो, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. जो काही केल्या तयार होत नाही, त्याचा विमा बहुतेक वेळा संपलेला असतो किंवा चालवणाऱ्याकडे लायसन नसतं.

आणि आधीच सही करून बसला असाल तर? तरीही दावा करता येतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाबाहेर (म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाबाहेर) स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या कागदानं कायद्यानं दिलेला हक्क आपोआप बुडत नाही. पण केस अवघड होते, एफआयआरला उशीर होतो, पुरावे विरतात. आमचा एफआयआर सत्तेचाळीस दिवसांनी झाला. "ट्रॅक्टर केसमध्ये नंतर घुसवला" हा आरोप खोडून काढण्यातच सगळी ताकद गेली. शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला, मात्र मागून धडकल्याबद्दल काही हिस्सा कापून.

दवाखान्यासाठी त्यानं पैसे दिले तर घ्या, त्याची साधी पोचपावती द्या. "हक्क सोडला" असं लिहिलेल्या कशावरही सही करू नका.

पोलीस तक्रार घेत नाहीत. "तुमच्याच माणसाची चूक" म्हणतात.

चूक कोणाची हे तपासानंतर ठरतं, तक्रार घेताना नाही. हद्दीचा वाद असेल तर कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. नाहीच ऐकलं तर तक्रार लेखी, टपालानं, पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा बेदरकार चालवणं कलम २८१, त्यातून दुखापत कलम १२५ आणि मृत्यू कलम १०६ खाली येतो.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती वाचा. वाहनाचा नंबर बरोबर आहे का, एवढं तरी त्याच दिवशी बघा. एमएच १९ चं एमएच १८ झालं की जळगावची गाडी धुळ्याची होते आणि दावा भलतीकडेच जातो.

पुरावा म्हणून काय काय जपायचं?

त्या जागेचे फोटो, दोन्ही गाड्या हलवण्याआधीचे, जमलं तर. ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो खास काढा, कारण दुसऱ्या दिवशी तिथे नवाकोरा रिफ्लेक्टर चिकटलेला असतो. हे मी रागानं लिहीत नाही, पाहिलेलं लिहिते. फुटलेलं हेल्मेट फेकू नका. रक्ताचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. पेट्रोलपंप, टोलनाका, ढाबा यांचे कॅमेरे असतील तर पोलिसांना तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आत लेखी सांगा, फुटेज आपोआप पुसलं जातं.

औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. रिक्षाचे, जेवणाचे, जळगावला फेऱ्या मारल्याचे पैसे वहीत तारखेनिशी लिहीत जा. ही वही माझ्या वहिनीनं ठेवली होती, शाळेच्या दुरेघी वहीत, पेन्सिलीनं. कोर्टात तिच्या त्या वहीवर उलटतपासणी झाली आणि ती टिकली.

पोलिसांकडून पुढे घटनास्थळ पंचनामा, आरटीओच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, दोन्ही गाड्यांच्या विम्याचे आणि लायसनचे कागद मिळवायचे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. नियम चांगला आहे. तो पाळला जातोय का, हे मात्र आपणच ठाण्यात जाऊन विचारत राहायचं.

दावा कुठे करायचा? अपघात सुरतेत झाला, आम्ही राहतो नवापूरला.

नंदुरबारला करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा तीन ठिकाणी लावता येतो: अपघात झाला तिथे, जखमी राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. निवड तुमची. आपल्या भागातली कितीतरी माणसं ऊसतोडीला, कारखान्यांत, हिऱ्यांच्या कामाला गुजरातेत जातात आणि तिकडे अपघात झाला की "परराज्यातली केस" म्हणून हात झटकून मोकळी होतात. तसं करू नका. फक्त तिकडच्या ठाण्यातले कागद लवकर आणा, गुजरातीत असतील तर भाषांतर करून घ्यावं लागतं.

न्यायाधिकरण म्हणजे जिल्हा न्यायालयातच चालणारं कोर्ट. जळगाव, धुळे, नंदुरबारला आहेच, अमळनेर आणि भुसावळलाही अतिरिक्त जिल्हा न्यायालयं आहेत. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अपील.

मुदत किती?

सहा महिने, अपघाताच्या तारखेपासून. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे सहा महिने उलटले म्हणून घरी बसू नका, वकिलाला आजची स्थिती विचारा. पण ज्याच्या हातात अजून वेळ आहे त्यानं सहा महिनेच धरून चालावं. प्लास्टर निघेपर्यंत थांबायची गरज नसते, उपचार चालू असतानाच दावा दाखल होतो.

भरपाई किती मिळेल?

आकडा मी सांगू शकत नाही, पण हिशोब कसा होतो ते दाखवते. तो कळला की कोणी तुम्हाला फसवू शकत नाही.

समजा माणूस ३२ वर्षांचा, केळीच्या गाड्या भरण्याचं काम करतो, महिन्याला १५ हजार कमावतो. वर्षाचे झाले १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही, तर पुढे वाढू शकणारी कमाई म्हणून ४० टक्के धरतात, झाले २,५२,०००. वयाप्रमाणे एक गुणक असतो, ३१ ते ३५ साठी तो १६ आहे. गुणाकार ४०,३२,०००. आता त्याच्या दुखापतीनं कमावण्याची ताकद समजा ३० टक्के गेली, तर १२,०९,६००. याच्यावर दवाखान्याचा खर्च, पुढची ऑपरेशनं, सोबतीचा माणूस, बुडालेली मजुरी, सोसलेलं दुखणं, आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज. गुणकाचं कोष्टक सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात घालून दिलं, भावी कमाईचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले.

यातला सगळ्यात मोलाचा शब्द "कमावण्याची ताकद". दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि हे टक्के एकच नसतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे नीट उलगडलं आहे. गुडघा वाकत नाही. दाखल्यावर २० टक्के. पण तो माणूस नारळाच्या किंवा ताडाच्या झाडावर चढणारा असेल तर त्याचं कामच गेलं. खुर्चीवर बसून हिशोब लिहिणाऱ्याचं फारसं बिघडलं नसेल. तेव्हा तुमचं काम नेमकं काय, त्यात कुठला अवयव कसा लागतो, हे कोर्टात अगदी बारकाईनं सांगा. माझ्या भावानं कोर्टात उभं राहून, पिकअपचा क्लच कसा दाबतात ते हवेत पाय उचलून दाखवलं होतं. पाय अर्ध्यावरच थांबला. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

मृत्यू झाला असेल तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते: दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारण निम्मी.

मजुरीचा काही पुरावा नाही. शेतीच करतो.

सातबारा, केळी किंवा कापूस विकल्याच्या पट्ट्या, दूध डेअरीचं कार्ड, बँकेचं पासबुक, ज्यांच्याकडे कामाला जात होतात त्यांची साक्ष. काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाचा आधार घेतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या कष्टालाही कोर्ट किंमत लावतं, "घरवालीच आहे" असं म्हणून तिचा दावा सोडू नका.

हेल्मेट नव्हतं. ट्रिपल सीट होतो. मग हक्क गेला का?

गेला नाही. तिघं बसले होते एवढ्यावरून जखमीची चूक ठरत नाही, त्या तिसऱ्या माणसामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. हेल्मेटचंही तेच. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा संबंध काय? डोक्याला मार असेल तर विमा कंपनी तो मुद्दा काढते आणि काही कपात होऊ शकते. पोलिसांना किंवा कोर्टाला खोटं सांगू नका. हेल्मेट होतं म्हणून सांगितलं आणि केसपेपरवर उलट निघालं, तर बाकीचं खरंही कोणी मानत नाही.

समोरच्याकडे लायसन नाही, किंवा विमाच नाही.

लायसन नसेल तर बहुतेक प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं, मग कंपनी मालकाकडून वसूल करते. विमा नसेल तर मालक आणि चालक स्वतः देणं लागतात. हुकूमनामा मिळतो, वसुलीला वेळ जातो. अशा वेळी ती गाडी पोलिसांकडून सुटण्याआधीच वकिलाकरवी कोर्टाला सांगा. विमा नसलेलं वाहन पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये अशी मागणी करता येते.

धडक देऊन गाडी पळून गेली. नंबर कोणी बघितला नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. ते चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. ही योजना असूनही फार थोडे लोक अर्ज करतात. पुढे गाडी सापडली तर नेहमीचा दावा करता येतो, मग ही रक्कम त्यातून वळती होते.

चूक कोणाची हे सिद्धच करता येत नसेल तर?

मोटार वाहन कायद्यात कलम १६४ आहे. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, समोरच्याची चूक सिद्ध न करता. मात्र ते पैसे घेतले की मोठा दावा संपतो. म्हणून घाई न करता आधी वकिलाशी बोला.

रोही (नीलगाय) आडवी आली आणि गाडी पडली. दुसरं वाहनच नाही.

मग दुसऱ्या कोणावर दावा होत नाही. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत "मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा" असेल तर मृत्यूला किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला १५ लाखांपर्यंत मिळू शकतात. हे संरक्षण फक्त गाडीच्या मालकाला आहे, आणि त्याच्याकडे लायसन हवं. मित्राची गाडी मागून नेली आणि आपणच पडलो तर यातलं काही मिळत नाही. गाडी जुनी घेतली असेल आणि नावावर केलेली नसेल तर याच कारणासाठी आधी नावावर करून घ्या.

मागे बसणाऱ्याचं वेगळं. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्या माणसाची जोखीम त्यात येत नाही, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचाही विमा असलेल्या पॉलिसीत, येते. बायको-मुलांना रोज मागे बसवता ना? मग नूतनीकरणाच्या वेळी काही शे रुपये वाचवायला थर्ड पार्टी घेऊ नका. आजच पॉलिसी काढून बघा.

खड्ड्यामुळे पडला असाल तर मात्र वेगळी वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. खड्ड्याचा फोटो काढताना शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा, खोली दिसते.

दवाखान्यात एकजण आला, म्हणतो "सगळं मी बघतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या."

त्याला परत पाठवा. वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून घेणं वकिलीच्या नियमांत बसत नाही, आणि हा तर बऱ्याचदा वकीलही नसतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको. चेकबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या हवाली करू नका. भरपाई दावेदाराच्या खात्यातच येते, आणि मोठी रक्कम असेल तर काही भाग कोर्ट मुदत ठेवीत ठेवायला लावतं.

वकिलाची फी परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना, मुलांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातल्या आदिवासी बांधवांना उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. फोन १५१००.

लोकअदालतीत केस लवकर मिटते, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. आकडा मान्य करण्याआधी वरचा हिशोब स्वतः एकदा कागदावर करा.

"गावमाच जाणं शे, हेल्मेट कसाले?" घरचे ऐकतच नाहीत.

आपल्याकडे ४४-४५ अंशांचं ऊन असतं, डोकं भाजतं, हे खरं आहे. मी स्वतः स्कूटीवर फिरते, मला माहीत आहे. डोक्याला पातळ सुती रुमाल बांधून वर हेल्मेट घाला, घाम टिपला जातो. आयएसआय मार्क बघून घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत उडून बांधावर जातं, डोकं रस्त्यावर. रात्री काळी काच नको. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा.

साडीचा पदर, ओढणी, स्कार्फचं टोक. मागच्या चाकाला साडी गार्ड असणं नियमात आहे, तो काढून टाकलेली गाडी घेऊ नका. बसल्यावर पदर कमरेला खोचा, ओढणीची गाठ मारा.

बाकी आपल्या रस्त्यांचे आपले धोके. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, वर भुरभुर पडली की साबण होतो. तिथे ब्रेक दाबायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर रिकाम्या रस्त्यावरही पुढे विनादिव्याची ट्रॉली आहे असंच धरून चाला. कन्नड घाटात आणि कोंडाईबारीत उतारावर अवजड गाडीच्या मागे चिकटू नका. आणि ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांनी कृपा करून मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. शेदोनशे रुपयांचं काम आहे. माझ्या भावाचा पाय त्या पट्टीनं वाचला असता.

मला कोर्टातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

तालुक्याच्या कोर्टात जा आणि "तालुका विधी सेवा समिती कुठे बसते" एवढं विचारा. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आधार, पासबुक आणि समोरच्या गाडीचा नंबर, या सगळ्यांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद घरी पेटीत ठेवा, कोणालाही देऊ नका. जखमी माणसाला पहिल्या दिवशी न्यायची गरज नाही, घरातलं कोणीही गेलं तरी चालतं. साडेदहा-अकराला पोचा, दुपारनंतर गर्दी होते.